अठरा फुटांच्या गाठी

मिहानमधल्या ऑफिसात आठवडाभर संगणकाशी झटापट करणारा माझ्यासारखा माणूस रविवारी गावच्या शेतात गुडघे टेकून गवत कापतो आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलतो, हे धरमपेठेतल्या शेजाऱ्यांना पटत नव्हतं. मलाही कुठे पटत होतं? पण आईने स्पष्ट सांगितलं होतं, चराईच्या तुकड्यात गवत उरलेलं नाही, डोक्यावर चारा वाहणं आता तिच्याने होत नाही. पुढच्या पोळ्यापर्यंत बघेन, मग दोन्ही गाई विकेन, असं ती म्हणाली. गाई गेल्या तर आई गावात एकटी कशी राहील?

गवत गेलं होतं माझ्यामुळेच. आठ वर्षांपूर्वी तिथे मी कडुनिंब लावले. वर सावली, खाली मारवेल गवत, मध्ये गाई, असा थाट डोक्यात होता. खुंटीवरची दोरी काढली. वडिलांनी संत्र्याच्या बागेसाठी तिच्यावर दर अठरा फुटांवर गाठ मारलेली. गाठ आली की खड्डा. आमच्याकडे झाड म्हटलं की हेच अंतर, दुसरं असू शकतं हे सुचलंच नाही. पहिली काही वर्षं मी पाहुण्यांना मिरवत तिकडे न्यायचो. मग फांद्या एकमेकींना भिडल्या आणि खाली नुसता पाचोळा उरला.

आई म्हणाली, सगळी झाडं काढ. मी चिडलो. बादलीने पाणी घालून वाढवलेली झाडं अशी कशी काढू? म्हणून हा खटाटोप. लाकडी चौकट ठेवायची, आतलं गवत कापायचं, तोलायचं. दाट झाडांखाली मूठभरही निघेना. पावसाळ्यात उघड्यावर सगळ्यांत जास्त निघालं, तेव्हा आईच जिंकली असं वाटलं. पण थंडी सरता सरता उघड्यावरचं गवत वाळून गेलं. एका कोपऱ्यात मात्र दोन झाडं पूर्वीच मेली होती. तिथे उरलेल्या झाडाच्या फांद्यांच्या कडेला मारवेल अजून हिरवं होतं. मी चौकट तिथेच पुन्हा पुन्हा ठेवली, माझा विश्वासच बसेना. झाडाचं आणि गवताचं वैर नव्हतंच, मी त्यांना जागा दिली नव्हती.

वही घेऊन आईकडे गेलो. तिने वही उघडलीही नाही. झाडं कशाने मोजून लावली, एवढंच विचारलं. मी दोरी दाखवली.

“संत्र्याखाली कोणी गाय चारते का गा?” ती म्हणाली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

झाडतोडीची सरकारी परवानगी काढून आधी एकाआड एक ओळ काढली, मग उरलेल्या ओळींतलं एकाआड एक झाड. चारातली तीन गेली. करवत चालली तेव्हा मी पाठ करून उभा होतो.

पाऊस पडला, गवत आलं. पोळ्याला भीत भीत गावी गेलो. दोन्ही गाई झाडांमध्ये चरत होत्या. आई ओसरीवर ती दोरी मांडीवर घेऊन बसली होती आणि एकाआड एक गाठ उकलत होती.

“काहून सोडून राहिली?” मी विचारलं.

“तुले पुन्हा झाडं लावाची हुक्की आली त?” ती म्हणाली, आणि पुढची गाठ दातांनी सैल करू लागली.