लाल भात

आमच्या गावात पाण्याची परीक्षा भातावर व्हायची. भात पांढरा, मोकळा झाला की पाणी चांगलं. संपलं! पिढ्यान् पिढ्या भातशेती करणारी माणसं ती, पाण्याला दुसरा काही गुण असतो हे त्यांच्या डोक्यातच शिरत नसे.

मुरबाडहून घाटाकडे जाताना वैशाखऱ्याच्या अलीकडे, रस्त्यापासून थोडं आत आमचं गाव. नव्वद सालाच्या आसपास शाळेजवळ बोरिंग मारलं, हातपंप बसला, नारळ फुटला. आणि पहिल्याच दिवशी त्या पाण्याचा भात तांबूस झाला. "पावन्यांना काय ह्यो लाल भात वाढू गो?" असं म्हणत सासूबाईंनी हंडा मोरीत ओतला. दोन-चार दिवसांत सगळं गाव पुन्हा ओहोळावर. उन्हाळ्यात ओहोळ आटला की वाळूत खड्डा खणायचा, त्याला डवरा म्हणतात. त्यात झिरपेल ते पाणी वाटीवाटीने भरायचं. वरच्या अंगाला म्हशी बसलेल्या आणि त्याच्याही वर गावाची परसाकडची जागा. पण भात पांढरा ना, मग झालं तर!

माझी मुलगी तेव्हा नुकती पावलं टाकायला लागली होती. तिचं पोट सारखं जायचं. पोट गेलं की म्हणे दात येतायत. दात येऊन झाले तर म्हणे नजर लागली. मी नाचणीची पेज, डाळीचं पाणी, अंडं, जे हाताला लागेल ते भरवायची. खायची बिचारी, पण अंगी काही लागायचं नाही. म्हसाच्या जत्रेत तिला वाढत्या अंगाचा म्हणून मोठा फ्रॉक घेतला होता. पुढच्या जत्रेला तोच फ्रॉक घातला, तरी खांद्यावरून ओघळत होता. सासूबाई खूश! "बग, कपडा कसा पुरला!" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

शेवटी मुरबाडला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सरळ सांगितलं, खाण्यात खोट नाही, पाण्यात आहे. सारखं पोट बिघडून आतडी खराब होतात, मग खाल्लेलं अंगाला लागत नाही, मूल वाढत नाही. भात लाल होतो तो पाण्यातल्या लोखंडाने, त्याने पोट बिघडत नाही; पंपाचंच पाणी द्या, तेही उकळून. आणि हे आत्ताच करा, या वयात राहिलेली वाढ पुढे भरून निघत नाही.

घरी येऊन सांगितलं तर हशा पिकला. डॉक्टरला काय कळतंय, आमी काय मेलो काय ह्या पान्यानं? म्हटलं, तुम्ही प्या खुशाल, माझ्या पोरीला नको. मग रोज शाळेपाशी जाऊन उभी राहायची. उन्हाळ्यात पंप नुसता ठणठण वाजायचा. दांडा मारून मारून खांदे भरून आले की कुठे धार लागायची, तीही करंगळीएवढी. हंडा भरून घरी यावं, चूल पेटवून उकळायला ठेवावं, तर पोरीची हनुवटी ओली!

"तान लागलेली गो तिला. डवऱ्याचं गोड पानी पाजलं," सासूबाई म्हणायच्या.

एकदा नाही, कितीदा तरी! भांडले, रडले, डवऱ्याच्या पाण्याची कळशी उंबऱ्याबाहेर ओतली. मालक म्हणायचे, जाऊ दे ना, म्हातारी मायेनंच करते. मायेनंच करत होत्या, हेच तर दुखणं होतं! वाईट मनाने केलं असतं तर निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या.

गावात नळ आले तेव्हा पोरगी सातवीत होती, वर्गाच्या रांगेत सगळ्यांत बुटकी म्हणून पुढे उभी राहणारी. जो तो म्हणायचा, आईच्या माहेरची ठेवण. अरे, माझं माहेर खर्डीचं, माझा भाऊ आमच्या दारातून आत येताना वाकतो! ते कोणाला दिसायचं नाही.

बारावीनंतर तिने पोलीस भरतीचं मनावर घेतलं. पहाटे घाटाच्या रस्त्यावर धावायची, पोरांना मागे टाकायची. जेवताना बोलणं तेच, झोपताना तेच. ठाण्याला भरतीच्या मैदानावर गेली आणि दुपारच्या आत परत आली. आधी उंची मोजतात. ती दोन बोटं कमी भरली. धावायची पाळीच आली नाही.

"मायेरची ठेवन, त्याला कोन काय करनार?" सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या. मी त्या दिवशी फुटलेच. डवरा, म्हशी, डॉक्टर, सगळं मोठमोठ्याने बोलून टाकलं. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

पोरगी बूट काढत बसली होती. तिने हे सगळं पहिल्यांदाच ऐकलं. मान वर न करता तिने विचारलं, "आये, आजी मला ते पानी पाजायची, तवा तू कुठं असायचीस?"

"पंपावर," मी म्हटलं. "तुझ्यासाठी पाणी भरत."