अर्ध्या तासात दीडशे पावलं

नवव्या महिन्यात मी रोज संध्याकाळी अर्धा तास चालायला जात होते आणि त्या अर्ध्या तासात दीडशे पावलं चालत होते.

यात माझा काडीचाही दोष नाही. दोष हट्टा या माझ्या माहेरच्या अख्ख्या गावाचा आहे!

पहिलं बाळंतपण म्हणून मी माहेरी आले होते. वसमतच्या डॉक्टरीणबाईंनी रक्तातलं हिमोग्लोबिन तपासलं. साडेआठ! त्यांनी बजावलं: पाच वाजता लोहाची गोळी, गोळीच्या मागंपुढं दोन तास चहा बंद, आणि रोज अर्धा तास चालायचं. "तीन आठवड्यांत रक्त वाढलं नाही, तर इथं बाळंतपण करणार नाही. नांदेडला पाठवीन." नांदेडात आमच्या ओळखीचं कुत्रंसुद्धा नाही. आईनं तिथंच पदर डोळ्याला लावला. मीही घाबरले, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी गोळी घेतली, चपला अडकवल्या आणि निघाले. तिसऱ्याच दारात सुमनकाकू उभ्या.

"मंगल, अशी अवघडलेली एकटी काहून हिंडून राहिलीस? भांडण झालं का घरी?"

"न्हाई काकू, डॉक्टरनं चालायला सांगितलंय."

"मग चाल की! पण आधी बस. दोन जिवांची बाई दारावरून तशीच गेली, तर लेकराची लाळ गळती. नाव आमचं होईल!"

आता प्रश्न बाळाच्या लाळेचा आल्यावर मी काय बोलणार? बसले. चहा आला, एक नाही, दोन कप. "एक तुजा, एक लेकराचा," काकू म्हणाल्या. (लेकराला अजून दात नाहीत, पण चहा हवा!) तो संपतो न संपतो तोच भिंतीपलीकडून गयाआत्यांचा आवाज आला, "तिच्याकडं बसलीस, अन् आमी परके व्हय गं?" तिथंही दोन कप. अर्धा तास संपला, मी घरी परतले.

मग मी रस्ता बदलला. कॅनॉलच्या बाजूला कोण भेटणार? सगळे भेटले! हळद शिजवायचे दिवस होते. प्रत्येक शेतात हळद शिजत होती आणि शेजारच्या चुलीवर चहाचं पातेलं ठेवलेलं होतं.

शेवटी आई पहारेकरी म्हणून सोबत आली. "कोण थांबवतं तेच बगते!" म्हणाली. सुमनकाकूंकडे ती जी बसली, ती दिवेलागणीलाच उठली. मलाच तिला ओढून आणावं लागलं.

इथवर मी सहन केलं. पण गावातल्या कुणीतरी माझ्या सासरी, कनेरगाव नाक्याला, फोन केला. "तुमची सून रोज रस्त्यानं हिंडून राहिली. माहेरी पटत न्हाई वाटतं." रविवारी दारात जीप उभी! सासू, सासरे, आमचे हे आणि समजूत घालायला त्यांच्या गावातले दोन बुजुर्ग.

"इहीणबाई," सासरे ओट्यावरूनच म्हणाले, "सूनबाईला काय तकलीफ हाय ते सांगा. आमी तिला घेऊन जातो."

"माझ्या लेकीला, माझ्या घरी, तकलीफ?" आईचा आवाज चढला. आत वहिनीनं भांडी आपटायला सुरुवात केली. बुजुर्गांनी घसा खाकरला. आमचे हे छपराचे पत्रे मोजत होते. मला असं भडकायला झालं की विचारू नका!

"मला तकलीफ चहाची हाय!" मी ओरडले.

सासूबाईंनी मान डोलावली. "बराबर हाय तिचं. तिला आमच्याकडच्या चहाची सवय!" एवढं बोलून त्या स्वयंपाकघरात शिरल्या. पहिला कप मला मिळाला. दुसराही.

तीन आठवड्यांनी रक्त तपासलं. साडेआठ!

"रोज गोळी घेऊन?" डॉक्टरीणबाई चकित झाल्या. मग मी जी सुटले! सुमनकाकू, गयाआत्या, कॅनॉल, जीप, सासूबाई, एकेकाचं नाव घेऊन तक्रार केली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "आता लोह सलाईनमधून देऊ," म्हणाल्या. "त्यात कुणाला चहा ओतता येणार नाही." त्या सलाईननं रक्त वाढलं आणि लेक वसमतलाच झाली, ठणठणीत! हे आत्ताच सांगून टाकते, कारण त्या दिवशी पुढं जे झालं त्यानंतर काही सांगायला मला तोंड राहिलं नाही.

सुई टोचता टोचता डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पण मंगल, तुम्ही एकदा तरी 'नको' म्हणायचं होतं ना?"

"म्हणजे काय! रोज म्हणत होते!" मी फणकारले.

"व्हय डॉक्टर," आई लगेच माझ्या बाजूनं उभी राहिली. "मी सोबत होते ना, माझ्या कानानं ऐकलंय. संगं बिस्कुट नसलं, की सरळ 'नको' म्हणायची!"