हिरव्या पट्टीवरची तारीख

तारीख नसलेला कागद दिसला की गोपीनाथांचं पित्त खवळायचं. आखातातल्या हमरिया फ्री झोनमधल्या, पोलादी सांगाडे बनवणाऱ्या एका कंपनीत ते सव्वीस वर्षं प्लॅनिंग इंजिनियर. म्हणजे काय, तर कुठलं काम कधी सुरू होणार नि कधी संपणार याचा लांबलचक तक्ता करायचा. एकेका कामासमोर एकेक रंगीत आडवी पट्टी, पट्टीच्या टोकाला तारीख. कुणी तारखेशिवाय कागद पाठवला तर हे लाल पेनानं त्यावर 'कधी?' एवढंच लिहून तो परत धाडत. यार्डातली माणसं त्यांना मागून 'कबवाले साब' म्हणायची. ते त्यांना माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

घरीही तेच. अल मनखूलच्या दोन खोल्यांत फ्रिजवर, कपाटावर, बाथरूमच्या दाराआड तक्तेच तक्ते. लेकीच्या लग्नाचासुद्धा तक्ता केला होता या माणसानं. हळद साडेसात ते सव्वाआठ! त्यांच्या बायकोनं, मीनाक्षीबाईंनी, तेव्हा कपाळावर हात मारून घेतला होता. पण खोटं कशाला बोला, हळद सव्वाआठला संपली. शर्वाणी लहानपणापासून हेच बघत आली. बाबांनी तारीख दिली म्हणजे त्या दिवशी ती गोष्ट होते. सायकल आली, शाळेचा निकाल आला, नर्सिंगला पुण्यात ॲडमिशन झाली, सगळं त्या त्या तारखेला.

लग्नाचा तक्ता मात्र हळदीपुरताच बरोबर निघाला. शर्वाणी नर्स म्हणून आयर्लंडमध्ये कॉर्कला गेली, तिथे तनिष झाला, आणि तो वर्षाचा असताना नवरा वेगळा झाला. आता ती, तो मुलगा आणि हॉस्पिटलच्या ड्यूट्या. तनिष अडीच वर्षांचा झाला तरी हाक मारली की वळून बघेना. आलेले चार शब्दही गेले. रंगीत वस्तू एका ओळीत मांडत तासन् तास बसायचा. शर्वाणीनं सरकारी तपासणीसाठी नाव नोंदवलं. मुलाला नेमकी कसली मदत लागणार ते त्या तपासणीत ठरतं, आणि मगच ती मदत सुरू होते. कायद्याप्रमाणे तपासणी सहा महिन्यांत व्हायला हवी. तिच्या वॉर्डातल्या एका बाईचं मूल तीन वर्षं रांगेत होतं.

तेव्हा शर्वाणीनं बाबांना फोन केला. आईबाबांच्या घराजवळ, करामात एका क्लिनिकमध्ये तिला नोकरी मिळत होती. मीनाक्षीबाईंनी तर सगळी चौकशी करून ठेवली होती. घरापासून चालत दहा मिनिटांवर फिरदोस नावाच्या थेरपिस्ट बाईंचं सेंटर होतं, आठवड्याला तीन दिवसांची जागा त्यांनी तनिषसाठी राखली होती. "तासाला साडेतीनशे दिरहम, म्हणजे आठ हजार रुपये झाले," मीनाक्षीबाई म्हणाल्या, "पण माझ्या बांगड्या काय तिजोरीत अंडी घालणार आहेत?"

"बाबा, येऊ का मी?" शर्वाणीनं विचारलं. "तुम्ही सांगा."

अडचण एकच होती. आणखी दीड वर्ष ती नोकरी टिकली असती, तर वर्क परमिटच्या कटकटीतून सुटून तिला आयर्लंडमध्ये मोकळेपणी राहता आलं असतं. आत्ता सोडलं की सगळं पाण्यात. गोपीनाथ म्हणाले, "आठ दिवस दे मला."

नेमकं त्याच आठवड्यात आयर्लंडमध्ये नवं सरकार बसलं. आघाडीचं. दोन जुने पक्ष, एकेकाळचे हाडवैरी, आणि सोबत काही अपक्ष. त्यांनी मिळून पुढच्या पाच वर्षांचा कार्यक्रम छापला, दीडशेच्या वर पानं. गोपीनाथांनी ऑफिसच्या प्रिंटरवर तो अख्खा छापून घेतला आणि रविवारी सकाळी चष्मा लावून बसले. घरं बांधू. हॉस्पिटलातल्या रांगा कमी करू. पाळणाघरं स्वस्त करू. आणि अपंगत्व असलेल्या मुलांच्या तपासणीची रखडलेली रांग, तिला प्राधान्य देऊ.

"मीनाक्षी! हे बघ! छापलंय!"

"छापायला काय जातंय?" आतून उत्तर आलं. "अहो, वांगी कापताय ना?"

वांगी राहिली बाजूला. गोपीनाथांनी कॉम्प्युटर उघडला आणि आयर्लंडच्या सरकारचा तक्ता करायला घेतला. हसू नका. सव्वीस वर्षं हा माणूस अशा देशात राहिला होता, जिथे नऊ सप्टेंबरला मेट्रो धावणार म्हणाले आणि ती नऊ सप्टेंबरला धावली. इथे वरून घोषणा झाली की वाळूत खुंट्या ठोकायला माणसं दुसऱ्या दिवशी हजर असतात. चार जणांनी मिळून लिहिलेल्या कागदात अर्ध्या ओळी एकमेकांची समजूत काढायला असतात, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. त्यांच्या लेखी सरकारनं छापलं म्हणजे खलास, काम झालं.

घरांची पट्टी निळी. हॉस्पिटलांची लाल. मुलांच्या तपासणीची हिरवी. हिरव्या पट्टीसमोर त्यांनी पान क्रमांक लिहिला आणि तारखेसाठी ते पान पुन्हा उघडलं. तारीख नव्हती. मागचं पान पाहिलं, पुढचं पाहिलं, शेवटची परिशिष्टं चाळली. कुठेच नव्हती.

दुसऱ्या कुणाचा कागद असता तर लाल पेन निघालं असतं. पण गोपीनाथांच्या डोळ्यांसमोर कॉर्कच्या त्या घरात गालिच्यावर चमचे मांडत बसलेलं पोर होतं, आणि लेकीची इतक्या वर्षांची मेहनत होती. त्यांनी हिशेब मांडला. नवं सरकार, पहिले तीन महिने जुळवाजुळवीत. मग माणसं भरणार, तीन महिने. मग दोन महिने रांग हलायला. त्यांनी हिरव्या पट्टीच्या टोकाला स्वतःच तारीख टाकली. पंधरा सप्टेंबर.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी तो तक्ता हमदुल्लाला दाखवला. हमदुल्ला यार्डाचा फोरमन, पेशावरचा, वीस वर्षांपासूनचा दोस्त. त्यानं रोटीचा हात पुसून कागद लांब धरला.

"साब, ये तारीख किसने दी?"

"सरकारने," गोपीनाथ म्हणाले.

"लिखके दी?"

"हां भई, लिखके."

"फिर ठीक है," हमदुल्ला म्हणाला. "इन्शाल्ला."

आयुष्यात कामाच्या कागदाबद्दल ते पहिल्यांदा खोटं बोलले होते. डबा अर्धा तसाच राहिला.

रात्रीपर्यंत थांबले नाहीत. घरी आल्या आल्या, चहाच्या आधीच लेकीला फोन लावला. "येऊ नकोस. सप्टेंबरमध्ये होतंय. तक्ता पाठवलाय, फ्रिजवर लाव." पलीकडे शर्वाणी इतकं मोठ्यानं रडली की मीनाक्षीबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. सुटल्यासारखी रडत होती ती. "बरं झालं बाबा, तुम्ही वाचलंत. मी कधी वाचणार होते एवढी पानं?"

मीनाक्षीबाईंनी फिरदोस मॅडमना फोन करून जागा सोडली. आठवड्याभरात करामाची नोकरीही दुसऱ्या कुणाला गेली.

सप्टेंबर आला. पंधरा तारीख आली आणि गेली. त्या दिवशी शर्वाणीचा फोन आला नाही, आणि गोपीनाथांची करायची छाती झाली नाही. आठवड्यानं त्यांनीच विषय काढला, अगदी ऑफिसच्या आवाजात. "थोडं स्लिप झालंय. होतं असं. रिव्हिजन एक पाठवतो." रिव्हिजन एकवर डिसेंबर होता. डिसेंबर कोरडा गेला. रिव्हिजन दोनवर मार्च होता. मार्चमध्ये रिव्हिजन तीन करायला ते बसले, माउसवर हात ठेवला, आणि त्यांना एकही तारीख सुचली नाही. तेवढ्यात कंपनीच्या एचआरकडून मेल आला. साठी पूर्ण होत असल्यानं करार पुढे वाढवला जाणार नाही. नोकरी गेली म्हणजे व्हिसा गेला, आणि व्हिसा गेला म्हणजे अल मनखूलच्या त्या दोन खोल्याही गेल्या. त्यांना ऑगस्टअखेर जागा सोडायची होती. पुण्यातल्या आपल्या फ्लॅटवर न्यायच्या सामानाचा तक्ता तेवढा त्यांनी केला.

जुलैत शर्वाणी तीन आठवड्यांची रजा घेऊन आली. परमिटची कटकट संपली होती, तेवढं पदरात पडलं होतं. तनिष आता चार वर्षांचा, उंच, देखणा. दारात शिरताच तो आजीआजोबांना ओलांडून सरळ आत गेला आणि भिंतीवरच्या तक्त्यासमोर उभा राहिला. "हाय तनिष! आज्जीला हाय कर," मीनाक्षीबाई म्हणाल्या. तो बोट पट्टीवरून डावीकडून उजवीकडे नेत होता. मीनाक्षीबाई पदर तोंडाला लावून गॅलरीत गेल्या.

फिरदोस मॅडमनी दोन सकाळी तनिषला बघितलं. बाई चांगल्या होत्या, शब्द तोलून बोलणाऱ्या. "बहुत समझदार बच्चा है. काम शुरू करेंगे तो आगे जाएगा, जरूर जाएगा." मग फाइल उलटून जुनी नोंद बघत म्हणाल्या, "आपने तो पहले जगह ली थी ना? ढाई साल का था तब. तब आते तो... उस उम्र में सब जल्दी पकड़ते हैं. फिर छोड़ क्यों दिया?"

शर्वाणी म्हणाली, "हमें वहाँ की तारीख मिली थी मॅडम."

आता जागा होती, पण इथे राहायला कुणी उरणार नव्हतं. तीन आठवड्यांत तीनच वेळा जाता आलं. तिसऱ्या वेळेला तनिषनं फिरदोस मॅडमच्या हातातला निळा ठोकळा मागितला. शब्दानं नाही, नुसता हात पुढे करून. शर्वाणीनं त्याचा व्हिडिओ काढला आणि घरी येईपर्यंत रस्त्यात चार वेळा बघितला.

निघायच्या आदल्या दुपारी ती बॅग भरत होती. तनिष फरशीवर पालथा पडून तक्ता बघत होता, मीनाक्षीबाईंनी तो भिंतीवरून काढून त्याच्यासमोर ठेवला होता. गोपीनाथ बाहेरच्या खोलीत बसले होते ते उठले, आत आले, आणि दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले.

"शर्वाणी, तुझ्या फ्रिजवरचा तो कागद फाडून टाक."

"राहू दे बाबा. त्याला आवडतो."

"ऐक माझं." त्यांनी चौकट सोडली. "ती तारीख त्यात नव्हती."

"कशात?"

"सरकारच्या कागदात. प्राधान्य देऊ, एवढंच होतं. कधी, ते नव्हतं. मी सगळी पानं उलटी सुलटी केली. नव्हतंच कुठे. पंधरा सप्टेंबर मी टाकली. माझ्या मनानं. नंतरच्या पण मीच."

शर्वाणीच्या हातात तनिषचा शर्ट होता. तिनं त्याची घडी घातली, उलगडली, परत घातली.

"पण पान नंबर होता ना समोर," ती म्हणाली. "तुम्ही पान नंबर लिहिला होता बाबा."

"पान खरं होतं."

ती खाटेच्या कडेला बसली. ओरडेल, शर्ट फेकून मारेल, काहीतरी बोलेल, म्हणून गोपीनाथ उभे होते. ओरडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. पण ती तनिषच्या पाठीकडे बघत होती.

"तपासणीच्या ऑफिसात मी गेल्या ऑगस्टमध्ये फोन केला होता," ती म्हणाली. "ती बाई म्हणाली, आमच्याकडे अशी कुठलीच तारीख नाही. मला वाटलं, तिलाच माहीत नसेल. माझ्या बाबांनी वाचलंय." मग तिनं शर्ट बॅगेत ठेवला. "पंधरा सप्टेंबरची मी सुट्टी टाकली होती बाबा. सकाळी सातला त्याला अंघोळ घालून, नवे कपडे घालून आम्ही दोघं फोनजवळ बसलो होतो."