डाळ शिजेपर्यंतची गोष्ट

दुष्काळाच्या त्या वर्षांत मी राहुरीजवळच्या एका गावात पहिलीच्या वर्गाला शिकवत होते. शाळा, पाण्याची रांग आणि स्वयंपाक यांतून माझा म्हणावा असा वेळ उरायचा तो संध्याकाळी, पंपाच्या स्टोव्हवर डाळ शिजेपर्यंत. तेवढ्यात रोज एक गोष्ट लिहायची, असा मी नेम धरला होता. जुन्या उत्तरपत्रिकांचे पाठकोरे कागद पाटावर ठेवायचे आणि डाळ मऊ व्हायच्या आत गोष्ट संपवायची. रॉकेल रेशनचं, त्यामुळे डाळीलाही घाई आणि मलाही. माझ्या गोष्टी पाच-सात ओळींपलीकडे कधी गेल्याच नाहीत.

वाचक एकच, तोही निरक्षर. माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायचे. उंबऱ्याशी बसून सुपात रेशनची तांबडी मिलो ज्वारी निवडता निवडता त्या म्हणायच्या, “वाच की, काय ल्हिलंस.” मी वाचायचे. शेवटचं वाक्य झालं की त्यांचा हात सुपात थांबायचा.

“मग?”

“मग काही नाही, आत्याबाई. संपली.”

“अशी कशी संपली? यष्टीत बशिवलं आन् फाट्यावरच उतरिवलं व्हय!”

या ‘मग?’नं मला अगदी जेरीस आणलं होतं. छापून येण्याचं माझ्या डोक्यातही नव्हतं. एक तरी गोष्ट अशी जमावी की आत्याबाईंना ‘मग?’ म्हणता येऊ नये, एवढाच ध्यास लागला होता. त्यासाठी शब्द खोडले, शेवट फिरवले, कधी शेवटापासूनच सुरुवात केली. ‘मग?’ काही चुकलं नाही.

एकदा शेळीची गोष्ट लिहिली. चारा नाही म्हणून बाप शेळी विकून येतो आणि संध्याकाळी मुलगी रिकामं दावं खुंट्याला बांधून ठेवते. ही साधली, असं मला मनापासून वाटलं. आत्याबाईंनी ‘मग?’ विचारलंच. पुढं गिरणीत दळण घेऊन गेले, तर शेजारीण आनंदानं म्हणाली, “बाई, घावली म्हनं ती शेळी! दोन करडं घिऊन आली!” आत्याबाई माझ्या गोष्टी गावभर पुऱ्या करत हिंडत होत्या. हरवलेली माणसं घरी आणत होत्या, भांडलेल्या जावांना एका ताटात जेववत होत्या.

माझं डोकंच फिरलं. घरी येऊन स्टोव्ह पेटवला, डाळ चढवली आणि कागद न घेताच म्हणाले, “आज तुम्हीच सांगा एखादी. माझ्यासारखी छोटी. बघू तुमची कशी संपते.”

“मला कुठली येती गं?” म्हणून त्या हसल्या. मग बराच वेळ खडे वेचत राहिल्या आणि सुपातून मान वर न काढताच बोलायला लागल्या.

“एक पोरगी हुती. भावासंगं साळंत गेली. गुरुजींनी पाटीवर ग शिकिवला. म शिकिवला. म्हनले, भ उद्या. घरी आली, तर वसरीवर पाव्हनं बसल्यालं. तिला बघाया.”

त्या पुन्हा खडे वेचायला लागल्या. मी वाट पाहिली.

“मग?” माझ्या तोंडून निघून गेलं.

“मग काय? संपली.” त्यांनी सूप बाजूला सारलं. “डाळ लागली बघ तुझी. ऊठ.”

मी उठून स्टोव्हची हवा सोडली. त्याचा आवाज थांबला तसं घर एकदम शांत झालं. गावभराच्या शेळ्या परत आणणाऱ्या आत्याबाईंनी या पोरीला मात्र तिथंच, वसरीवर सोडलं होतं. मला रडू आवरेना. चूल असती, तर धुराचं नाव तरी सांगता आलं असतं.