कुंडीतली अळी आणि सात पानं

चित्रकारबाईंचा हट्ट म्हणजे हट्ट! समोर नाही ते कागदावर नाही. कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात तीस वर्षं तक्ते काढले, पण मनानं कधी एक काटासुद्धा काढला नाही. या महिन्यात निवृत्ती. शेवटचा तक्ता कागदी लिंबाच्या रोपाचा, सोमवारच्या परीक्षेला हवा. विभागप्रमुख सरांनी विभागातली एकुलती एक कुंडी घरी पाठवली आणि बजावलं, "बाई, सातही पानं दिसायला हवीत. नाहीतर मी छापील तक्ता आणतो."

कुंडीबरोबर एक पाहुणीही आली, हिरवी, गुबगुबीत अळी. मंगळवारी तिनं एक पान फस्त केलं. बाईंनी काय करावं? रबर घेऊन कागदावरचं पानही खोडलं! बुधवारी आणखी एक गेलं. पुन्हा रबर. ती खातेय, या खोडतायत, दोघींचं मस्त जमलं होतं.

"अगं, झटकून टाक ना तिला," चहाचा कप ठेवत नवरोबा म्हणाले.

"अहो, तिचं घर आहे ते. आपण मध्ये पडणारे कोण?"

नवरोबा म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर. बायकोच्या चित्रांबद्दल चाळीस वर्षांत चकार शब्द काढला नाही. "मी भिंतींसाठीच काढते," असं बाई हसून सांगायच्या, पण मनाला लागायचंच.

रविवारी सकाळी रोपाची नुसती काडी उरली. अळी तिलाच कोष करून चिकटलेली. कागदावरही काडीच. आणि परीक्षा उद्यावर!

"आठवून काढ की," नवरोबा म्हणाले.

"नाही हो येत मला! बघायचं आणि काढायचं, एवढंच येतं." त्यांचे डोळे भरले.

नवरोबांनी खुर्ची ओढली. "घे पेन्सिल. सगळ्यात खालचं पान उजवीकडे झुकलेलं, टोकाशी जरा दुमडलेलं. दुसऱ्याला डावीकडे चीर. तिसरं लहान, त्याचा देठ तू दोनदा काढलास."

बाईंचा हात थांबला. "तुम्ही रोपाकडे इतकं बघत होतात?"

"रोपाकडे कोण बघतंय? मी तुझा कागद सांगतोय."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"चित्र चालू असताना बोललेलं तुला खपतं का कधी?"

बाईंना हसू आलं आणि रडूही. सकाळचा चहा पार गार झाला, तेव्हा सातवं पान पुरं झालं. मग त्यांनी काडीवर कोषही काढला. सर रागावले तर रागावोत, तो तर समोरच होता.