दसऱ्याला बंद ठेवलेला प्रिंटर

सातपूरच्या आमच्या कारखान्यात मी प्रिंटरची खोली सांभाळायचो. शिक्षण चौथीपर्यंत, तेही वणीच्या बाजूला गुरं राखता राखता झालेलं. पण त्या खोलीत मोठे साहेबसुद्धा बूट काढून यायचे. प्रिंटरमध्ये धूळ जाते म्हणून नियम होता, आणि नियम मी केलेला होता.

नव्वद साल उलटून बरीच वर्षं झाली होती. ऑफिस तीन मजल्यांचं आणि कॉम्प्युटर तीन जातींचे. हिशोबवाल्यांकडे विंडोजचे, ड्रॉइंगवाल्यांकडे युनिक्सचे, आणि जाहिरातवाल्यांकडे एकच मॅक, त्याला दुसऱ्या कुणी हात लावला की त्यांचं तोंड उतरायचं. एका जातीचा कॉम्प्युटर दुसऱ्याच्या प्रिंटरशी बोलायचा नाही, म्हणून प्रिंटरही तीन, आणि तिन्ही माझ्या खोलीत. जाहिरातवाल्यांचा बिघडला की शेजारचे दोन धडधडीत चालू असूनही त्यांना उपयोग शून्य. निघालेला कागद मी जिने चढून ज्याच्या त्याच्या टेबलावर ठेवायचो. माझ्यावाचून कुणाचं पान हलत नव्हतं, आणि ते मला आवडायचं.

मग पुण्याहून एक मॅडम आल्या. वयानं माझ्या लेकीएवढ्या. त्यांनी कोपऱ्यात एक जास्तीचा कॉम्प्युटर मांडला.

"काका, आता कुणीही कुठल्याही कॉम्प्युटरवरून छपाई सोडली की ती आधी याच्याकडे येणार. हा रांग लावणार, आणि प्रिंटरला कळेल अशा भाषेत एकेक पुढे सोडणार."

"देवीच्या गडावर दर्शनाला सोडतात तसं?"

"तसंच."

"आणि मी?"

उत्तर मागे उभ्या असलेल्या हेडक्लार्कनं दिलं. हे हिशोब खात्यातले, माझी खोली फायलींसाठी मागत होते.

"तुम्ही गेटवर. प्रिंटर जाणार मजल्यामजल्यावर. तुम्ही आरामात गाड्यांचे नंबर लिहा."

"मी गेटवर बसणार नाही."

"मग कुठं बसणार, साहेबांच्या मांडीवर?"

मॅडमनी नवी जोडणी सुरू केली ती नेमकी खंडेनवमीच्या सकाळी. तिन्ही जातींचे कॉम्प्युटर त्यांनी चाचणीसाठी एकाच मोठ्या प्रिंटरला जोडले. आमच्याकडे त्या दिवशी दुपारी सगळ्या यंत्रांची पूजा होते आणि पूजा झालेलं यंत्र दसरा उलटेपर्यंत चालवायचं नाही, ही कारखान्याची रीत. मी प्रिंटर पुसला, बंद केला, झेंडूचा हार घातला, कुंकू लावलं. मोठ्या साहेबांनी नारळ फोडला.

तासाभरात मॅडम धावत आल्या. "काका, वरून सगळे कागद सोडतायत. अर्धा तास चालू करा ना."

"पूजा लागलीय, मॅडम. आता परवा सकाळी."

"साहेबांना संध्याकाळी दाखवायचंय हो."

"नारळ त्यांनीच फोडलाय. त्यांना विचारून या."

त्या काही विचारायला गेल्या नाहीत. वरची मंडळी मात्र कागद येईना म्हणून ऑफिस सुटेपर्यंत परत परत छपाईचं बटण दाबत राहिली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मोठे साहेब, हेडक्लार्क आणि मॅडम, तिघांसमोर मी हार उतरवला आणि बटण दाबलं. प्रिंटर जो सुटला तो थांबेचना. पंपाचं ड्रॉइंग, त्यामागे बिल, त्यामागे दिवाळीची जाहिरात, की परत तोच पंप. साहेबांच्या दोन्ही हातांत दिवाळीच्या जाहिराती.

"मॅडम, हे आपल्याकडे नाही चालायचं," साहेब म्हणाले. "जुनं होतं तेच बरं."

मॅडमचा चेहरा पडला. माझी खोली वाचली होती. मी फक्त गप्प उभं राहायचं होतं, आणि राहिलोही असतो. पण हेडक्लार्कला राहवलं नाही. ते म्हणाले, "हा प्रिंटर तरी कुठं धड आहे. परवा दुपारीच बंद पडला होता."

माझा प्रिंटर बंद पडला, असं माझ्या तोंडावर.

"बंद पडला नव्हता," मी म्हणालो. "पूजेला मी बंद ठेवला होता. आणि साहेब, वरच्यांनी दहा वेळा बटण दाबलं म्हणून दहा कागद आले. मॅडमच्या कॉम्प्युटरनं सगळ्यांचं ऐकून ठेवलं, एकाचं विसरला नाही. मॅकची जाहिरात आणि युनिक्सचा पंप एकाच तोंडातून बाहेर पडला. अजून काय चालायचं राहिलं?"

साहेबांनी हातातले कागद परत पाहिले. पंप होता, बिल होतं, जाहिरात होती. सगळं स्वच्छ.

"म्हणजे तुमची खोली गेली," ते मला म्हणाले.

"जाऊ द्या."

"मग गेटवर?"

"गेटवर नाही. त्यापेक्षा घरी बसेन."

मी खरंच बसलो असतो, हे त्यांना माहीत होतं. तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "साहेब, तीन मजल्यांवरच्या प्रिंटरमध्ये कागद कोण भरणार? अडकलेला कोण काढणार? इथं तर स्वतःचा कागद आणायलाही कुणी उठत नाही."

साहेबांनी हेडक्लार्ककडे पाहिलं. ते छताकडे बघत होते.

अशी एक खोली जाऊन माझ्याकडे तीन मजले आले. फायली खोलीत गेल्या, मी वर. पहिल्या दिवशी मॅडम काळजीनं म्हणाल्या, "काका, दिवसभर जिने चढून दमाल."

"दमलो तर हेडक्लार्कसाहेबांच्या खुर्चीत बसेन," मी त्यांच्या देखतच म्हणालो.

संध्याकाळच्या आत प्रत्येक मजल्यावर माझ्यासाठी एकेक स्टूल आलं होतं.