ताटाच्या कडेचा चोथा

माझ्या भावाने पुण्याहून स्लो कुकर पाठवला, त्या दिवशी बाबा खोक्यावरून हात फिरवत बसले आणि मग शेजारच्या घरी जाऊन सांगून आले, माझ्या मुलानं पाठवलंय. तो स्वतः कित्येक महिन्यांत चेन्नईला फिरकला नव्हता. पण खोकं आलं होतं, आणि बाबांना तेवढं पुरलं.

बाबांनी सगळी नोकरी इथल्या संरक्षण खात्याच्या कारखान्यात केली. निवृत्तीनंतर आम्ही अण्णा नगरला राहायला आलो, मग आई गेली. मी लग्न केलं नाही, त्यामुळे बाबा माझ्या वाट्याला येणार हे कुणी न बोलताच ठरलं. माझं काही म्हणणं नव्हतं. मात्र त्यांना कवळी बसली आणि मटण चावेना, तिथून आमचे रविवार बिघडले.

साध्या कुकरात जास्तीच्या शिट्ट्या देऊन मी निभावून नेत होते. पण मुलाचं भांडं आल्यावर बाबांना दुसऱ्या कशातलं मटण चालेना. भाऊ फोनवरून सांगायचा, बाबांच्या हृदयाला चरबी नको, हाडं दाताला नकोत, तू बोनलेस आण आणि भरपूर पाणी घाल. उंटावरून शेळ्या हाकायला त्याला लहानपणापासून आवडतं. मी मुकाट्याने दुकानात जाऊन म्हणायचे, कोळुप्पु वेण्डाम, चरबी नको. खाटीक दरवेळी माझ्याकडे बघून घ्यायचा आणि सगळी चरबी काढून द्यायचा.

दिवसभर मंद आचेवर शिजूनही मटण कोरडं ठाक व्हायचं. रस्सा भांडंभर, आणि त्यात बुडालेल्या फोडी मात्र काथ्यासारख्या. बाबा एकेक फोड तोंडात घोळवायचे, रस चोखून घ्यायचे आणि चोथा ताटाच्या कडेला ठेवायचे. एकाशेजारी एक, नीट ओळीत. ताट उचलताना ती ओळ मला दिसावी, एवढंच.

एका रविवारी माझा तोल सुटला. हे भांडंच कुचकामी आहे, मी म्हणाले, उद्या माळ्यावर टाकते.

बाबांनी कवळी जिभेने सारखी केली. "कोळुप्पु तुझ्यात आहे," ते म्हणाले. "मटणातला तेवढा काढून आणतेस."

तमिळमध्ये कोळुप्पु म्हणजे चरबी आणि कोळुप्पु म्हणजेच माज. आपल्याकडेही चरबी चढते ती अशीच. दोन्ही भाषांतून एकदम बोलणी खाल्ली. राग आला, रडूही आलं. पण पुढच्या वेळी दुकानात मी म्हटलं, मांडीचं दे, हाडासकट, आणि चरबी राहू दे.

मग हळूहळू मला ते जमलं. तळाला कांदा, वर मटण, पाणी नावापुरतं, कारण झाकण नीट असेल तर मटणाला अंगचं पाणी सुटतं आणि ते आटत नाही. आच सगळ्यात कमी. मुख्य म्हणजे झाकणाला हात लावायचा नाही. वास कितीही सुटू दे, उघडलं की आतली वाफ जाते आणि सगळं मागे पडतं. बटण बंद केल्यावरही त्याच रसात मुरू द्यायचं, मग हाडावरून बोटाने सोडवायचं. पहिल्यांदा तसं जमलं त्या दिवशी ताटाची कडा स्वच्छ होती. मी समोर बसून वाट बघत राहिले. चांगलं केलंस, एवढंच हवं होतं मला.

"भांडं चांगलं आहे हो," बाबा म्हणाले.

असे कितीतरी रविवार गेले. राबायचं मी आणि नाव त्याचं, हे मी गिळत राहिले. मग श्रीपेरुंबुदूरच्या एका कारखान्यात काम निघालं म्हणून भाऊ आला, आणि परतायच्या आधीचा रविवार आमच्याकडे राहिला. बाबांनी सकाळीच दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. मी मटण लावलं. थोड्या वेळाने भावाने झाकण उचलून फोनवर बायकोला दाखवलं. मग वास घ्यायला उचललं. मग कोरडं वाटतंय म्हणून तांब्याभर पाणी ओतलं, आणि संध्याकाळचं विमान चुकायला नको म्हणून आच वाढवली.

"झाकण उघडू नकोस रे," मी म्हणाले.

"ताई, भांडं मीच पाठवलंय ना," तो म्हणाला आणि हसला. बाबाही हसले.

मटण वातड झालं होतं. माझे स्वतःचे दात शाबूत असून मला ते चावेना. भाऊ फोनवर बोलत रस्सा-भात ओरपत होता. बाबा फोडीमागून फोड खात होते.

"आज खरं जमलंय," ते म्हणाले.

मी त्यांचं ताट उचललं. कडेला काही नव्हतं. बेसिनपाशी उभी राहून मी ती कोरी कडा बघत राहिले. वाटलं, मुलाच्या हातचं म्हणून याही वयात यांना दात फुटले.

दुसऱ्या दिवशी कपडे मशीनमध्ये टाकायच्या आधी खिसे तपासत होते. इस्त्रीच्या शर्टाच्या खिशात रुमालाची घट्ट पुरचुंडी होती. उघडली तर आत चोथा. कालचा सगळा.

मी रुमाल तसाच बाबांपुढे धरला. त्यांनी वर्तमानपत्र खाली केलं, रुमालाकडे पाहिलं, माझ्याकडे नाही.

"त्याला वाईट वाटलं असतं," ते म्हणाले.

इतके रविवार माझ्यासमोर ती ओळ मांडताना हे त्यांच्या मनात एकदाही आलं नव्हतं. मी चोथा कचऱ्यात टाकला आणि रुमाल भिजत घातला.